श्रीमंतअप्पाचं नेट

श्रीमंतअप्पाला एका जागी बसलेलं मी कधी बघितलं नाही. दुकानात आला की मी स्टूल पुढं सरकवतो, पण तो बसेल तर शपथ. उभ्या उभ्या काउंटरवरच्या वायरी उचलून बघणार, क्लिपांचा डबा खुळखुळवणार, टेस्टर कानामागं खोचणार आणि तसाच घरी घेऊन जाणार. माझे तीन टेस्टर त्याच्या रानातल्या आखाड्यावर आहेत. मी ओरडलो की म्हणतो, "धम्मा, तू लई गरम डोक्याचा हायस बाबा." आता बोला! टेस्टर माझे गेले आणि डोकंही माझंच गरम.

माझं नाव धम्मानंद. बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वर गावच्या चौकात माझं दुकान आहे. कॅमेरे बसवतो, टीव्हीच्या डिश लावतो, घरोघरी वायफाय देतो. माझे वडील बळीराम आणि श्रीमंतअप्पा बरोबरीचे, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. म्हणून मी त्याला अप्पा म्हणतो आणि तो मला तोंडाला येईल ते बोलतो.

वाटणीत गावातलं घर त्याच्या भावाला गेलं. यानं रान घेतलं आणि रानातच राहायला गेला. आखाडा म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या, एक गोठा आणि डिझेलवरचं इंजिन. गावापासून चार किलोमीटर, ओढ्यापलीकडं, खोलगट जागेत. लाइटचे खांब ओढ्याच्या अलीकडं येऊन थांबलेत ते आजतागायत. दिव्यापुरती एक सोलरची प्लेट आहे. मोबाइलची रेंज फक्त बांधावरच्या दगडांच्या ढिगावर उभं राहिलं तर येते, तीही एक काडी. तेवढ्यात कसंबसं बोलणं होतं. म्हणून अप्पाचा फोन आला की मला डोळ्यांसमोर तो ढिगावर तोल सावरत उभा असलेलाच दिसतो.

तानाजी हा त्याचा एकुलता एक मुलगा. जन्मापासून ऐकू येत नाही. गावात मुकाच म्हणतात. मीही म्हणायचो, पण एकदा ज्योतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, माझ्या ओठांवरून ते ओळखलं आणि असे डोळे वटारले की त्या दिवसापासून सोडलं. आठव्या वर्षी अप्पानं त्याला गुलबर्ग्याच्या मूकबधिर शाळेत घातलं. वसतिगृहात दहा वर्षं राहून तो हातांची भाषा शिकला. परत आला तर घरात ती भाषा कुणाला येईना. अप्पाला चार खुणा यायच्या. जेव, चल, म्हशी सोड, झोप. बाप-लेकाचा संसार या चार खुणांवर चालला होता. अप्पा सगळीकडं कौतुकानं सांगायचा, "आमचं पोरगं लई गरीब. कुणाला कायच बोलत न्हाई."

ज्योती त्याच शाळेतली, त्याच्या मागच्या वर्गातली. लग्न होऊन आखाड्यावर आली तेव्हा एकदा मी सोलरची बॅटरी बदलायला गेलो होतो. ही दोघं अंगणात बाजेवर बसून हातांनी बोलत होती. आणि काय बोलत होती! तानाजी हसता हसता बाजेवरून खाली पडला. अप्पा गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता.

"धम्मा, ह्ये पोरगं एवढं काय बोलायलाय रे?"

"मला काय माहीत अप्पा? तुमचं पोरगं हाय."

तो गोठ्यात गेला, बाहेर आला, परत गोठ्यात गेला.

त्या साली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. आमच्याकडं येळवशीला गावात माणूस म्हणून राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की भज्जी, अंबील, खिरीच्या पंगती. अप्पाच्या आखाड्यावर तीस-चाळीस माणसं होती. मीही माझ्या बायकोला, दीपमालाला, घेऊन गेलो होतो. ज्योतीनं सगळ्यांना वाढलं. पण दिवसभरात तिच्याशी एक माणूस बोललं नाही. बाया तिच्याकडं बघून गोड हसायच्या आणि तोंड फिरवून आपल्या गप्पांना लागायच्या. तानाजीला पाहुण्यांनी झाडाला झोका बांधायला नेलं होतं. मी स्वतः काय केलं? अंबिलीचा पेला दोनदा पुढं केला. झालं माझं बोलणं. लाज वाटायची गोष्ट आहे, पण तेव्हा वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ज्योती आईकडं गुलबर्ग्याला गेली ती आलीच नाही.

महिन्याभरानं अप्पा एक चिठ्ठी घेऊन दुकानात आला. ज्योतीनं जाताना तानाजीला दिलेली. त्यानं ती महिनाभर खिशात ठेवली होती आणि आता बापाच्या हातात दिली होती. कन्नडमध्ये होती. अप्पा कन्नड फडाफडा बोलतो, वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. भांडण नाही, असं लिहिलं होतं. तुम्ही सगळे चांगले आहात. पण इथं माझ्याशी बोलायला एकच माणूस आहे. आईकडं फोनवर मला मैत्रिणी दिसतात, त्यांचे हात दिसतात. आखाड्यावर माझा फोन म्हणजे दगड. नेट आलं तर मी येईन.

"नेट म्हंजे तू लावतूस तेच ना?" अप्पा म्हणाला. "लाव मग."

"चेष्टा हाय का अप्पा? तिथं लाइट न्हाई, वायर यायची तर मधी ओढा. काय सांगायलाव तुमी!"

तो क्लिपांचा डबा हलवत होता. हलवता हलवता म्हणाला, "ती न्हाई आली तर ह्योबी जातंय तिकडं. त्यानं कापडं भरून ठिवलीत धम्मा, मी बगितलो. आमाला एकच हाय रे. त्यो गेला की मी त्या रानात कुणाकडं बगू?"

मी त्याच्या हातातून डबा काढून घेतला आणि म्हणालो, बघतो.

बिनतारी नेटचं काम तसं साधं आहे. गावातल्या पाण्याच्या टाकीवर एक छोटी डिश, आखाड्याच्या पत्र्यावर खांब उभा करून दुसरी. दोघींची तोंडं बरोबर एकमेकींकडं पाहिजेत आणि मध्ये झाड, घर काही नको. सोलरची एक मोठी प्लेट, एक बॅटरी, की चालू. पण पंचायतीनं टाकीवर चढायची परवानगी द्यायला शिमगा आणला, सामानाला चैत्र उजाडला. तोवर अप्पानं माझं जगणं हराम केलं. "धम्मा, सामान आलं का? धम्मा, सही झाली का? धम्मा, निघालास का?" मी जेवायला बसलो की फोन. दीपमाला म्हणायची, "त्यानला ढिगावरनं खाली उतरवा आदी, पडतील."

डिश जुळवायच्या दिवशी तर मी हात टेकले. मी टाकीवर, अप्पा ढिगावर, तानाजी पत्र्यावर. मी फोनवर सांगणार, "जरा डावीकडं." अप्पा ढिगावरून उतरून पळत आखाड्याकडं जाणार, तानाजीला हातवारे करणार. पण डावीकडंची खूण त्याला येत नव्हती. तो पोराला धरून फिरवायचा. मग पळत परत ढिगावर. "झालं का?" नाही झालं! साठीचा माणूस, दहा-बारा चकरा झाल्या, मला वर टाकीवर त्याची धाप ऐकू येत होती. मी ओरडत होतो, तो ओरडत होता. आणि टाकीवरून बघितलं तर चार किलोमीटरवर नुसतं पिवळं रान, आखाडा कुठला तेही कळेना.

शेवटी तोडगा काढला तानाजीनं. खोलीतून दाढीचा आरसा आणला, पत्र्यावर उभा राहिला आणि ऊन धरून माझ्या डोळ्यांत मारलं. त्या रानात एकदम ठिणगी पेटली. मी माझी डिश त्या ठिणगीवर धरली. मग त्यानं ऊन जिकडं मारलं होतं तिकडंच आपल्या डिशचं तोंड फिरवलं आणि मला सिग्नल मिळाला. असा मिळाला की मी टाकीवर एकटाच नाचलो. एवढी अक्कल मला आली नव्हती आणि आम्ही त्याला डावं-उजवं शिकवायला निघालो होतो.

ज्योतीला निरोप गेला. दहा दिवसांनी येते म्हणाली. ऐन वैशाख. ती यायच्या दिवशी मी मन्नाएखेळ्ळीला हायवेवरच्या एका ढाब्यावर कॅमेरे लावत होतो. दुपारी फोन.

"धम्मा, नेट मेलं रे!"

"कवा?"

"आज सकाळपसून. पोरगी आलीय. अंगणात बॅगवरच बसलीय, बॅग आत न्हेईना. तिचा भाऊ मोटारसायकल चालू करून हुबा हाय. तू ये. तू कसाबी ये."

मी ढाबेवाल्याच्या शिव्या खात निघालो. ऊन असं की गाडीच्या हँडलला हात लावता येईना. मनात नुसती गडबड. बॅटरी गेली असेल, वायर उंदरानं कुरतडली असेल, टाकीवरची डिश कुणी हलवली असेल. राजेश्वर आधी लागतं म्हणून आधी टाकीवर चढलो. तापलेल्या शिडीनं तळहात भाजले. तिथं सगळं ठीक. एक तास वाया. तिथून ओढ्यातून गाडी घातली आणि वळणावरूनच मला आखाड्याचा खांब दिसला. खांबावर माझी डिश नव्हती. एक पोतं होतं. ओलंचिंब, पाणी टपटपत असलेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ह्ये कुणी केलं?"

अप्पा पुढं आला. चेहऱ्यावर काळजी, पण थोडा अभिमानही. "मी. तापत हुतं रे ते. हात लावलो तर चटका बसला. पोरगी यायच्या दिवशीच जळून जाईल म्हणून रांजणाला लावतो तसं पोतं लावलो. सकाळपसून तीनदा पाणी घातलो. तरीबी मेलं बग."

"पाण्यातनं नेट येत न्हाई अप्पा! त्या पोत्यानंच मारलाव तुमी त्याला!"

"कामून? ढगातनं येतंय की."

अप्पाची बायको, चंद्रभागाबाई, दारात कपाळाला हात लावून बसली. मी शिडी लावली, पोतं ओढून काढलं आणि फेकलं ते नेमकं अप्पाच्या पायाशी पडलं. तो तसाच उभा राहिला, ओल्या पायांनी. डिश पुसली, बंद करून चालू केली. मिनिटभर काही नाही. ज्योतीचा भाऊ घड्याळ बघत होता. तानाजी ज्योतीकडं बघत होता, अप्पा तानाजीकडं. मग ज्योतीच्या हातातला फोन थरथरला, आणि परत, आणि परत. सकाळपासूनचे सगळे निरोप एकदम आले. तिनं फोन समोर धरला, पडद्यावर एक पोरगी आली आणि दोघींचे हात असे सुटले की विचारू नका. दहा मिनिटांनी तिनं बॅग उचलली आणि आत नेली. भावानं गाडी बंद केली.

अप्पानं मला गच्च धरलं. मी घामानं भिजलेला, तो पोत्याच्या पाण्यानं. "माझं पोरगं ऱ्हायलं धम्मा," एवढंच म्हणत होता.

राहिलं खरं, पण किती दिवस? तीन महिने. श्रावणात ज्योतीची एक मैत्रीण फोनवर म्हणाली की बीदरला, कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला माणसं घ्यायलेत, आणि तिथं ऐकू न येणारे आधीच सात-आठजण आहेत. मॅनेजरनं फोनवरच दोघांना बघितलं, हातांचं काम करून दाखवायला सांगितलं. गोकुळाष्टमीच्या आत दोघांना बोलावणं आलं.

राजेश्वरच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो नाही. गेलो नाही म्हणजे दुकानाच्या दारातून बघितलं. अप्पा बसभोवती फेऱ्या घालत होता. खिडकीशी जायचा, पोराला "जेव" अशी खूण करायचा, परत फेरी. तानाजी मान हलवायचा. बस गेल्यावर अप्पा माझ्याकडं आला नाही. कुणीकडं बघितलंच नाही त्यानं, सरळ रानाच्या वाटेला लागला.

मला चार घास गोड लागेनात. जे टाळायला एवढा आटापिटा केला तेच झालं, आणि माझ्या हातानं झालं. दीपमालाला म्हणालो तर ती म्हणाली, "मग काय, त्या लेकरांनी जल्मभर तुमच्या टाकीकडं बगत बसावं व्हय?" तिचं बरोबर होतं. पण मी अप्पाला तोंड दाखवलं नाही. त्याचाही फोन येईना. दिवसाला सहा फोन करणारा माणूस, दोन महिने गप्प. मला त्या गप्प राहण्याचीच भीती वाटायला लागली.

दसरा झाला. एका शेतकऱ्याला तसंच नेट पाहिजे होतं. मी म्हटलं, अप्पाचं सामान आता पडूनच आहे, काढून यांना लावू. निदान त्या निमित्तानं भेट तरी होईल. पाना घेऊन भर दुपारी आखाड्यावर गेलो.

चंद्रभागाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "एक वाजंस्तवर त्यानला काय बी बोलू नकू. तालीम चाललीय."

आत बघतो तर अप्पा बसलेला. खरंच बसलेला! पोत्यांच्या थप्पीला फोन टेकवलेला, समोर हा मांडी घालून, आणि दोन्ही हात हवेत. खडबडीत बोटं वाकवतो, सरळ करतो, परत वाकवतो.

"अप्पा, काय करायलाव?"

"बस. पाना कशाला आणलास?"

मी पाना मागं लपवला. "असाच."

मग त्यानं सांगितलं. पहिले आठ दिवस पोरगं फोनवर दिसलं की हा नुसता ओरडायचा. "तानाजीऽऽ, जेवलास का?" चंद्रभागाबाई म्हणायची, "आरडून काय हुतंय? त्येला ऐकू येतंय का?" मग ज्योतीनंच हातात घेतलं. रोज जेवणाच्या सुट्टीत एक वाजता दहा मिनिटं ती त्याला खुणा शिकवते. चुकला की हसते, परत करायला लावते.

"धम्मा," तो म्हणाला आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली, "माझं पोरगं लई बडबडं हाय रे! लई म्हंजे लई. सायबाची नक्कल करतंय, मेसमधल्या आचाऱ्याची करतंय. आमी दोगं हासून मरतो. पंचवीस वर्सं मी त्येला गरीब गरीब म्हणत हुतो."

मग तो हात मांडीवर चोळायला लागला.

"परवा त्यानं एक इचारलं. त्येची एक कालवड हुती, लहानपणची. तिच्याजवळच झोपायचं. त्येला शाळंत घालायचं तवा कपडे, पेटी, सगळं करायला मी तिला हुमनाबादच्या बाजारात इकलो. दिवाळीला पोरगं घरी आलं, पळत गोठ्यात गेलं, दावं मोकळं बगून माझ्याकडं आलं. हातानं इचारत ऱ्हायलं. मला काय सांगता येत हुतं? मी म्हणलो, जेव." त्यानं ती खूण करून दाखवली, तोंडाकडं बोटं नेऊन. "परवा म्हणलं, कालवड कुठं गेली? सतरा वर्सांनी. मला तेवढ्या खुणा येत न्हवत्या. ज्योतीकडनं त्या खुणा शिकलो. आज सांगणार हाय."

एक वाजला. फोन वाजला. पडद्यावर तानाजी आला, निळ्या शर्टात, समोर डबा, शेजारी ज्योती. मला बघून हात हलवला. अप्पानं वाट बघितली नाही. मांडी सावरली आणि सुरू केलं. सावकाश, थांबत थांबत, दोनदा चुकला, ज्योतीनं मान हलवून दुरुस्त केलं. कालवड. बाजार. विकली. तुझी शाळा. बापाला रडू आलं. एवढ्या पाच गोष्टी सांगायला त्याला दोन मिनिटं लागली, आणि कपाळावरून घाम गळत होता.

तानाजी घास हातात धरून बघत राहिला. मग घास डब्यात ठेवला, हात पुसले आणि बापाला कळावं म्हणून एकेक खूण तोडून काहीतरी म्हणाला. अप्पाचे हात हवेतच राहिले.

"काय म्हणायलाय?" मी विचारलं.

"म्हणायलाय..." अप्पानं एकेक खूण आपल्या हातानं परत करून बघितली. "म्हणायलाय, मला वाटलं माजं काय तर चुकलं, म्हणून तुमी तिला इकलाव. आन तसंच मलाबी."

चंद्रभागाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. अप्पा नाही म्हणायला लागला. एका हातानं, मग दोन्ही हातांनी, फोनच्या इतकं जवळ जाऊन की तिकडं नुसते तळवे दिसत असतील. ज्योतीनं त्याला मागं सरक अशी खूण केली. तो सरकला आणि परत सुरू केलं, नाही, नाही, नाही. तिकडं सुट्टी संपत आली होती, मागची माणसं डबे बंद करून आत जायला लागली होती. तानाजी उठला नाही. तो बापाच्या हातांकडं बघत होता.